चोरखिसा

मराठी भाषेने चोराची चोख व्यवस्था लावली आहे. त्याला चोरवाट आहे, चोरदरवाजा आहे, चोरकप्पा आहे. आमच्या रायगडावर महादरवाजातून आत शिरून तटाच्या कडेकडेने चालत राहिलं, की चोरदिंडी लागते. ज्या गडावर 1674 साली राज्याभिषेक झाला, तिथेसुद्धा चोराच्या नावाने एक दिंडी आहे. माझ्या नावाने पोलादपुरात साधा कट्टा नाही. गंमत म्हणजे यांतल्या एकाही जागी चोर सापडत नाही. चोरदिंडीतून निसटायचे ते गडाचेच लोक, आणि चोरखिशात पैसे ठेवतो तो सावच.

चोरखिसा आमच्या घराण्यात वडिलांपासून आहे. महाड-पोलादपूरकडची निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. वडील गिरणीत होते. गणपतीला येताना पगार आणि उचल बंडीच्या आतल्या खिशात, त्यावर सेफ्टी पिन, त्यावर सदरा, त्यावर छातीशी धरलेली पिशवी. परळच्या स्टँडवरचे खिसेकापू दोन बोटांत ब्लेड धरून फिरतात, ही गोष्ट त्यांनी आम्हांला रामायणाच्या आधी सांगितली होती. रात्रभर एसटीत ते छातीवर हात ठेवून बसत. शेजारच्या प्रवाशाला वाटे, गृहस्थ हृदयाचे रोगी आहेत. पहाटे घरी पोचले की आई ‘कसे आहात’ म्हणायच्या आधी पिन काढायची.

पुढे मी तालुक्याच्या कचेरीत चिकटलो. रोज घरून निघून घरीच परतणाऱ्या माणसाला चोरखिशाची गरज नसते, पण वारसा सोडवत नाही. महाडच्या बाजारपेठेतला शिंपी माझं माप घेताना कंबरेआधी विचारतो, “आतला खिसा नेहमीसारखाच ना?” दुकानात आणखी चार माणसं असतात. त्यामुळे माझ्या गुप्त खिशाची जागा साऱ्या बाजारपेठेला ठाऊक आहे.

तर मुद्दा असा की माझा भाचा हॉलंडला असतो. तिथे समुद्र गार म्हणून तो सुट्टीत बोनेरला गेला. बोनेर हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, नेदरलँडच्याच ताब्यातलं. तिथे पाण्याखाली बुड्या मारायला जगभरातून लोक येतात. बोटही लागत नाही. भाड्याची उघडी गाडी घ्यायची, हवेची टाकी मागे टाकायची आणि किनाऱ्याने निघायचं. जिथे रस्त्याच्या कडेला पिवळा रंगवलेला दगड दिसेल, तिथे गाडी लावायची आणि सरळ समुद्रात चालत जायचं. त्या दगडावर जागेचं नावसुद्धा लिहिलेलं असतं.

“आणि मामा,” भाचा फोनवर म्हणाला, “गाडीला कुलूप लावायचं नाही.”

“का? तिथे चोर नाहीत?”

“आहेत ना. कुलूप लावलं तर काच फोडतात. म्हणून काचा खाली करून ठेवायच्या आणि आत काही ठेवायचं नाही.”

मी खुर्चीवरून उठलो. काचा खाली, कुलूप नाही, आणि मालक समुद्राच्या तळाशी! वडील असते तर बंडी फाडून घेतली असती. भाच्याने मात्र चूक केली. त्याने गाडीत एक जोडी सँडल, अर्धी बाटली पाणी आणि ताईने पोलादपूरहून पाठवलेला पोह्यांचा चिवडा ठेवला. तासाभराने वर आला तर तिन्ही गायब. ताईला कळलं तेव्हा तिने सँडलची चौकशीही केली नाही. म्हणाली, “त्यांना तिखट नाही ना झाला? मी लवंगी मिरची घातली होती रे.”

मी रात्रभर त्या चोराचा विचार करत होतो. आयुष्यभर माझ्या घराण्याने गर्दीतल्या चोराला धाक दाखवला, आणि इथे तर गर्दीच नाही. पाणबुड्यासारखं सोयीचं गिऱ्हाईक चोराला दुसरं मिळायचं नाही. तो कुठे येणार, हे पिवळ्या दगडावर लिहून ठेवलेलं आहे. टाकीतली हवा किती वेळ पुरते, म्हणजे हा परत कधी येणार, हे ठरलेलं. त्याला ओरडता येत नाही, तोंडात नळी आहे. पळता येत नाही, पायांत बदकाचे पंजे आहेत. आमच्याकडे बसण्याआधीच एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि दहा रुपयांचा तो रुमाल गर्दीत सुखरूप राहतो. कारण रुमालाचा मालक दारातच लोंबकळत असतो, आणि त्याचे हात मोकळे असतात.

बेटावरच्या चोरांबद्दल मी मग वाचूच लागलो. पाणबुड्यांचं दुसरं आवडतं बेट म्हणजे बाली. तिथे उलुवातू नावाचं कड्यावरचं देऊळ आहे, आणि तिथले चोर म्हणजे माकडं. ती चष्मे, चपला, फोन पळवतात आणि खाऊ दिला की परत करतात. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास करून 2021 मध्ये तो प्रसिद्ध केला. मोठ्या वयाची माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू हेरून उचलतात, आणि वस्तूच्या मोलाप्रमाणे मोबदल्यासाठी अडून बसतात, असं त्यात दिसलं. लहान पिल्लांना ही अक्कल नसते. ती शिकत शिकत येते. एका परीने तीही खातेनिहाय बढतीच.

हे वाचून मला आमच्या आंबेनळी घाटाची लाज वाटली. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा हा घाट, आणि वळणावळणाला कठड्यावर बसलेली आमची माकडं. पर्यटक गाडी थांबवून फोटोसाठी केळं पुढे करतो. केळं घेणारं माकड पुढून येतं आणि मागच्या खिडकीतून दुसरं वेफर्सचा पुडा नेतं. इतकंच. ना घासाघीस, ना अडवणूक, ना अभ्यासाला कुणी कॅनडाहून आलेलं. पुडा फोडायचा, खायचा, कागद दरीत टाकायचा. पर्यटकांकडूनच शिकली असणार. आम्ही पोलादपूरकर त्या पर्यटकांना मनसोक्त हसतो. ज्याच्या गावावरून लोक सहलीला जातात, त्या माणसाला फुकट मिळणारी ही एकच करमणूक आहे.

ती एका डिसेंबरात संपली. हिने जाहीर केलं, की निवृत्तीनंतर माणसाने एकदा तरी पाण्याखाली जावं. आम्ही मालवणला निघालो.

निघताना मी चोरखिशात पाचशेच्या आठ नोटा घातल्या आणि पिन लावली. कशेडी घाट ओलांडल्यापासून मी खिशावर हात ठेवून होतो. संगमेश्वरात हिने विचारलं, “पोट दुखतंय का?”

मालवणची जेटी, समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधायला घेतलेला. त्या तटाला डोळे भरून बघावं, तर बोटीवरचा पोरगा म्हणाला, “काका, कपडे काढा आणि ह्यो सूट घाला.”

माझ्या ध्यानात आलं, की वडिलांच्या संपूर्ण शास्त्रात एका प्रसंगाचा विचारच नव्हता. चोरखिसा चोरापासून वाचवतो, पण खुद्द पँटच काढायची वेळ आली तर काय? रबराच्या त्या काळ्या सुटाला खिसा नव्हता. साधाही नव्हता, चोरही नव्हता. पडद्याआड उभा राहून मी बराच वेळ घालवला. मग पँटची घडी घातली, ती शर्टात गुंडाळली, शर्ट टॉवेलात, टॉवेल पिशवीत, पिशवीला गाठ, आणि गाठ बोटीच्या फळीला. हिला राखण बसवावं म्हटलं तर ती केव्हाच सूट घालून तयार होती.

“काका, घाबरां नकात,” पोरगा म्हणाला. “हयसर कोण कायव नेवचो नाय.”

जो माणूस न विचारता असं सांगतो, त्याच्यावर नजर ठेवावी, हे वडिलांचं दुसरं सूत्र. मी नजर ठेवली. तेवढ्यात त्याने माझा चष्मा काढून घेतला.

मग प्रशिक्षण. पाण्यात बोलता येत नाही म्हणून खुणा. मुलगा मन लावून शिकवत होता आणि मी मन लावून पिशवीकडे बघत होतो. चष्म्याशिवाय ती निळा ठिपका दिसत होती. ठिपका जागेवर आहे ना, एवढंच मला बघायचं होतं. पाण्यात गेलेली वस्तू परत येत नाही, हे महाडकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा लोकांची कपाटंच्या कपाटं गेली.

पंधरा-वीस फूट खाली गेलो. खाली फार सुंदर होतं, असं ही सांगते. मला पट्ट्यापट्ट्यांचे मासे जवळ येऊन गेल्याचं आठवतं. आमच्या काळ नदीत वाळणकोंडीला असेच मासे येतात. देवीचे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, चुरमुरे टाकले की काठाशी जमतात. मनात आलं, सगळ्या पंचक्रोशीत चोरीची भीती नसलेले तेवढेच. इतक्यात सोबतच्या पोराने हाताने विचारलं, ठीक आहे ना? मी अंगठा वर केला. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे झकास.

त्याने मला वर नेलं.

बोटीला धरून मी विचारलं, “संपलं?” तो म्हणाला, “तुम्हीच वर चला म्हटलात ना?” पाणबुड्यांच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर ने’. झकास म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे सगळं बोटीवर शिकवून झालं होतं, मी निळा ठिपका राखत होतो तेव्हा. पूर्ण पैसे भरून मी जेमतेम तीन मिनिटं पाण्याखाली होतो. ही पुढची वीस मिनिटं मासे बघत राहिली. बोटवाल्यांनी काढलेल्या चित्रफितीत मी आहे. एकाही माशाकडे माझं तोंड नाही. मी मान वर करून बोटीचा तळ बघतोय.

पिशवी जागच्या जागी. गाठ तशीच. पडद्याआड जाऊन पिन काढली, नोटा मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. मला समाधान व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, किंचित निराशाच झाली. दोन पिढ्यांची तयारी, आणि समोरून कुणी आलंच नाही. त्या पोराची मनातल्या मनात माफी मागितली, त्याला चहाला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. जेटीवर उतरलो. चष्मा लावायचा राहिला होता, तो पुढे खानावळीत सुरमईचे काटे दिसेनात तेव्हा लावला.

परतीच्या वाटेवर कशेडीच्या अलीकडे चहाला थांबलो. ही माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “अहो, तुम्ही नवीन चपला कधी घेतल्यात?”

मी खाली पाहिलं. निळ्या रबरी चपला, टाचेशी झिजलेल्या, डाव्या पट्ट्याला तारेचा टाका. बोटीवर चढताना सगळ्यांच्या चपला एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकल्या होत्या. देवळात गेलो तर मी डावी चप्पल एका कोपऱ्यात आणि उजवी दुसऱ्या कोपऱ्यात काढतो, जोडी फोडलेली असली की चोर हात लावत नाही. बोटीवर मात्र सगळी दक्षता पँटमध्ये गुंतलेली होती.

पावतीवर नंबर होता. मी फोन लावला आणि खिशावर हात ठेवून गुन्हा कबूल केला. पलीकडे तोच पोरगा. आधी हसला. मग म्हणाला, “काका, मीया बघी होतंय तुमका जाताना. म्हटलं, काकांका घाई आसा.” त्याने मला पाहिलं होतं! आपल्या चपला घालून चालत जाणाऱ्या चोराला त्याने जाऊ दिलं होतं, आणि ‘कोण कायव नेवचो नाय’ हा शब्द त्याने दिला होता, मी नव्हे. मी म्हणालो, एसटीच्या पार्सलने पाठवतो. तो म्हणाला, नको, तुमच्या माका बऱ्या होतत.

माझ्या चपला तीनच महिन्यांपूर्वी महाडला घेतल्या होत्या, चामड्याच्या. त्याच्या निळ्या आमच्या पडवीत आहेत. माप नऊ. मला सात लागतं.