हिवरावरचं जोडपं

"वैनी, ओ वैनी! या जरा हिकडं."

आमच्या आणि आक्कांच्या परसात तारेचं कुंपण आहे. घातलं होतं शेळ्यांसाठी, पण शेळ्या कधीच पलीकडं जातात आणि आम्ही दोघीच तिथं अडकून पडतो. आक्का सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आवाज चढा, म्हणजे बातमी ताजी.

"ते गरुडाचं जोडपं पुन्यांदा आलंय बांधावरच्या हिवरावर. आन काल माझं एक पिल्लू गेलं. त्यांचंच काम."

"आक्का, उगाच आळ घेऊ नका. तो सापमार गरुड आहे. त्याला साप दिसला की तो कोंबडीकडं ढुंकून बघत नाही. मुंगूस असेल."

"तुमाला कोनी सांगितलं?"

"भाच्यानं. रेहेकुरीला काळवीट बघायला नगरहून आला होता." (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातून नगरच निघतं.) रेहेकुरीचं अभयारण्य 1980 सालचं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. सगळे तिथं काळविटाची शिंगं बघतात. वर आभाळात कोण आहे ते बघायला मान कोण दुखवून घेणार? भाच्यानं मात्र दुर्बीण वर केली आणि मलाही दाखवला. डोकं घुबडासारखं मोठं, डोळे पिवळेजर्द, पोटाकडून पांढरट. पंख पसरले तर पावणेदोन मीटर.

"म्हंजी आमच्या ह्यांच्यापरीस जास्त," आक्का म्हणाल्या. "परवा माळावर यका जागी टांगल्यावानी थांबला व्हता, पाय खाली सोडून. मला वाटलं पोरांचा पतंगच आडकला."

"तेच त्याचं. वाऱ्यावर तसाच थांबतो आणि गवतात हालचाल दिसली की टप्प्याटप्प्यानं खाली येतो."

"आन नाग धरला तर इख चढत न्हाई? देवाचं वाहन म्हनून?"

"चढतं की. दात मांसात गेला तर तोही मरतो. पण पायावर खवल्यांचं जाड कातडं, अंगावर दाट पिसं. बोटं आखूड, म्हणून गुळगुळीत धामणसुद्धा निसटत नाही. आधी डोकंच चेचतो."

"करनारच. ह्यो विनतेचा, ते कद्रूचे. बाप येकच, कश्यप. भाऊबंदकीच की ती." आक्कांनी शेंग जरा जोरातच फोडली. त्यांच्या दिरांचा बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे, म्हणून मी विषय बदलला. म्हटलं, युरोपातले या गरुडांचे नातलग थंडी पडली की आफ्रिकेत जातात, आपले मात्र इथंच राहतात.

"आपल्याकडं उलटं. मानसं ऊसतोडीला जात्यात आन पाखरं घर राखत्यात."

यावर मला काही बोलता आलं नाही.

"बरं, लेकरं किती?"

"एकच अंडं."

"येकच? मंग लाडाचं आसंल."

"फार लाडाचं. दीड महिना बहुतेक तीच बसून असते, तो साप आणून देतो. घरट्यात हिरवा पाला अंथरतात. पिल्लू उडायला आणखी अडीच महिने."

आक्का थबकल्या. "हे म्हनत व्हते, हिवर तोडू. त्याच्या सावलीनं ज्वारी मार खाती."

"मे संपेस्तोवर थांबा म्हणावं."

"सांगते. ऐकत्याल न ऐकत्याल. आन दुसऱ्याचं पळवनारा गरुड त्यो कंचा? आमचा पोरगा सांगत व्हता."

"तो पिंगट गरुड. घारीच्या पायातला घास हिसकावतो, मेलेलंही खातो."

आक्कांनी आवाज खाली आणला आणि पिंपळाशेजारच्या तिसऱ्या घराकडं नुसती मान वळवली. नाव काही त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. दोघी पुरेसं हसलो.

"आन पिल्लाला साप भरवतो कसा? तुकडं करून?"

"नाही हो. साप अख्खाच गिळून येतो, शेपूट तेवढं चोचीबाहेर लोंबत ठेवतो. घरट्यावर आला की पिल्लू ते शेपूट धरतं आणि ओढतं, ओढतं, बापाच्या घशातून सगळा साप बाहेर. मग पिल्लू तो अख्खा गिळतं."

आक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, किळस आली. पण खांदे हलत होते.

"आमचे हे शेवयाची खीर खात्यात ना," त्या कशाबशा म्हणाल्या, "तवा नातू आस्संच टोक धरतो बगा!"