४६ किलोंचं जागावाटप

ऑगस्ट २०२५ची गोष्ट. पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. निवडणुका आज होणार, उद्या होणार म्हणता म्हणता आणखी एक पावसाळा सरत आला होता. इच्छुकांनी शिवून ठेवलेल्या जॅकिटांना कसर लागायची वेळ आली होती. पण जागावाटप बघायची हौस असलेल्यांनी नाउमेद होऊ नये. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोथरूड, बाणेर, सिंहगड रस्ता, कुठल्याही सोसायटीत शिरा. ज्या हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा आ वासून पडल्यात, तिथे बोलणी चालू आहेत असं खुशाल समजा.

आमच्या ताईकडे त्या वर्षी आठवडाभर ही बोलणी चालली. भाची डॅलसजवळ एमएस करते. उन्हाळ्याच्या सुट्टीला आली होती, आता तिकडे सेमिस्टर सुरू होणार होतं. एकूण जागा ४६, म्हणजे २३ किलोंच्या दोन बॅगा. इच्छुक मात्र शंभर किलोंच्या घरात.

मुळात ती आलीच कशी, यावरून नातेवाइकांत कुजबुज होती. एमएसवाल्यांनी पहिल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची असते, घरी येऊन आमरस ओरपायचा नसतो, हे आता वाण्यालाही ठाऊक आहे. लग्नकार्यात भेटलेला प्रत्येक जण आधी "कशी आहेस?" आणि लगेच आवाज खाली आणून "मग इंटर्नशिपचं काय?" असं विचारी. ताईने एकच उत्तर पाठ केलं होतं: "आम्हीच म्हटलं, ये." हे उत्तर इतक्या वेळा आणि इतक्या जोरात दिलं गेलं, की ज्यांना शंका नव्हती त्यांनाही ती आली.

असो. तर जागावाटप.

आत्याबाईंचा दावा सगळ्यात जुना. त्यांचा मुलगा बॉस्टनला असतो. "तुझ्या वाटेवरच आहे की," असं म्हणत त्यांनी चार किलोंचं गाठोडं ठेवलं. डॅलस ते बॉस्टन हे अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. विमानाने पुण्याहून दिल्लीला जाऊन परत आलं, तरी थोडं उरेल. पण आत्याबाईंच्या नकाशात अमेरिका म्हणजे सदाशिव पेठ. एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. माझी धाकटी बहीण, म्हणजे मुलीची मावशी, शेंगदाण्याच्या चटणीच्या अडीच किलोंवर अडून बसली. आजींना मेतकूट हवं होतं, ताईला थालिपिठाची भाजणी, मेव्हण्यांना औषधं, आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची एवढी जाड फाईल की तिच्यासाठी वेगळं तिकीट काढावं.

मुलीला काय हवंय, हे तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "काहीच नको. तिथे आयर्विंगच्या देशी दुकानांत सगळं मिळतं." हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जणू तिने बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरला. मग ताईने "तिथल्याला आपली चव असते का?" असं म्हणून तो अर्ज छाननीतच बाद केला.

वजन करायला बाथरूममधला काटा होता. मेव्हणे आधी एकटे उभे राहायचे, आकडा पाटीवर लिहायचे, मग बॅग लेकरासारखी कवटाळून पुन्हा चढायचे. बॅग मध्ये आली की खालचा आकडा त्यांना दिसत नसे. तो मी पालथं पडून वाचायचो. मग वजाबाकी. पण माणसाचं वजन सकाळी एक आणि जेवल्यावर एक. मेव्हण्यांनी दोन वाट्या पोहे खाल्ले की बॅगेत पाव किलो मावशीची चटणी बसते की नाही, हा प्रश्न उभा राही. मावशीने तर मेव्हण्यांनी वजन करायचं ते उपाशीपोटीच, अशी मागणी केली. शेवटी रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा आणला. त्याने दोन्ही बॅगा दीड-दीड किलो हलक्या दाखवल्या. रद्दीवाल्याच्या काट्याने आयुष्यात प्रथमच आपल्याला फायदा होतोय, या आनंदात तासभर गेला. मग मेव्हण्यांच्या लक्षात आलं, की विमानतळावर रद्दीवाला नसतो.

खरा पेच कायद्याचा. सुकं खोबरं ही वस्तू विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. यूएन क्रमांक १३६३, वर्ग आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "साठ वर्षं डब्यात खोबरं ठेवतेय. या घरात आपोआप पेट घेणारं दुसरंच कुणी आहे." त्यांनी कुणाकडे पाहिलं ते मी लिहिणार नाही, मला ताईकडे अजून जेवायला जायचंय. विमान दुबईवरून, आणि तिथे खसखशीला बंदी. म्हणजे अनारसे बाद. आता गोड्या मसाल्याचं बघा. ताईच्या मसाल्यात खोबरंही असतं आणि खसखसही. ज्वलनशील आणि अमली, दोन्ही आरोप एकाच बरणीवर! एवढी कलमं लागून तिकीट मिळायला मसाल्याने राजकारणात जायला हवं होतं. ओला कढीपत्ता अमेरिका घेत नाही, कारण लिंबाच्या झाडांना रोग लावणारी कीड त्याच्यावर वाढते. आजींनी आनंदीबाई जोशींचा दाखला दिला: १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा कुणी त्यांचे मसाले हुंगले होते का? यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मोदकांचा तिढा मात्र आजींनीच सोडवला. गणपती २७ ऑगस्टला, मुलगी निघणार १४ला. बाप्पाच्या आधी तिला मोदक द्यायचे कसे? आजींनी कालनिर्णयाचं पान उलटलं. १२ तारखेला मंगळवार आणि संकष्टी, म्हणजे अंगारकी. चंद्रोदय झाला, बाप्पाला नैवेद्य दाखवला आणि मुलीच्या पानात अकरा मोदक पडले. घटनापीठालाही इतकी स्वच्छ पळवाट सापडली नसती.

माझ्या वाट्याला फक्त एक आदेश आला. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवावी लागतात, हे मेव्हण्यांनी कुठेतरी वाचलं. मुलीचा व्हिसा कधीच झालेला आहे. तरी सगळ्या खानदानाने ट्रम्पसाहेबांवरचे विनोद पुसायचे ठरलं, आणि मामाने आपल्या सदराची कात्रणं तिला मुळीच पाठवायची नाहीत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. हे सदर एवढ्या लांबवर कुणी वाचत असेल, असं मानणारं जगात एकच घर निघालं, आणि त्यांनीच बंदी घातली.

१४ला एका मुलीला सोडायला नऊ जण निघाले. घाटात तीन तास अडकलो. तिथे डिकी उघडून शेवटचं जागावाटप झालं आणि वजन जास्त होईल या भीतीने मावशीची चटणी बॅगेतून निघाली. मुंबईच्या विमानतळावर आम्हाला आत सोडेनात, तेव्हा काचेबाहेर उभं राहून आम्ही फोनकडे डोळे लावले. मुलीने काउंटरवरच्या आकड्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पहिली बॅग २१.४, दुसरी २२.१.

म्हणजे अडीच किलो जागा रिकामी. बरोब्बर चटणीएवढी.

मावशी तिथल्या तिथे ग्रुपमधून बाहेर पडली. परतीच्या प्रवासात ती मेव्हण्यांच्या गाडीत बसली नाही, आत्याबाईंच्या गाडीत बसली, ज्यांचं चार किलोंचं गाठोडं सहीसलामत गेलं होतं. ताजी खबर अशी, की वरच्या मजल्यावरचा मुलगा डिसेंबरात कॅलिफोर्नियाला परत जाणार आहे. त्याच्या आईशी दोघींची प्राथमिक बोलणी झाली असून, चर्चा सकारात्मक असल्याचं कळतं.