नितळ पाण्याचा सोस

परसातले तळे हा शब्दप्रयोग ऐकायला जितका काव्यमय आहे तितकी ती वस्तू काव्यमय नसते. घरामागे, धुण्याच्या दगडाला खेटून, जिथे पूर्वी अळू लावलेले असे किंवा बंद पडलेली स्कूटर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असे, तेथे खणलेला, विटा-सिमेंटने बांधलेला आणि काठावर चार काळे दगड मांडून 'नैसर्गिक' केलेला जो हौद, त्याला त्याचा मालक तळे म्हणतो आणि घरातील इतर माणसे, मालक ऐकत नसताना, हौदच म्हणतात. पुण्यासारख्या शहराला हौदांचे अप्रूप असण्याचे कारण नाही, कारण अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणून ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले गेले होते. त्या हौदांतले पाणी माणसे पीत असत, त्यामुळे ते स्वच्छ का असावे हा प्रश्न कोणाला पडला नाही. आजच्या बंगल्यामागच्या तळ्यातले पाणी मात्र कोणी पीत नाही, त्यात कोणी उतरत नाही आणि ज्यांना त्यात राहायचे असते त्या माशांनी स्वच्छतेविषयी कधी तक्रार केल्याची नोंद नाही, तरीही त्या पाण्याच्या नितळपणापायी मालक जितका झिजतो तितका तो मुलांच्या गणितापायीही झिजत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे तळे प्रमाण मानण्यास हरकत नाही. त्याचे आकारमान १२० घनफूट होते, म्हणजे त्यात सुमारे ३४०० लिटर पाणी मावते. हा हिशेब एकदा करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवणे इष्ट असते, कारण माशांची सगळी औषधे लिटरांच्या प्रमाणात घालायची असतात आणि दुकानदाराने 'केवढी टाकी आहे?' असे विचारल्यावर जो मालक दोन्ही हात पसरून दाखवतो, त्याला मिळणारे औषधही तितकेच अंदाजपंचे असते. बांधकाम नवे असेल तर सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून ते क्षारधर्मी, म्हणजे सामूच्या मोजपट्टीवर सातच्या बरेच वर गेलेले, बनते; म्हणून नवे तळे काही आठवडे भरून, उपसून, पुन्हा भरून मुरवावे लागते. आपल्याकडचे मत्स्यपालक या काळात त्यात केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ठेवतात. हौसेच्या भरात असलेल्या मालकाला हे आठवडे फार जड जातात आणि बहुधा दुसऱ्याच रविवारी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा गोल्डफिश घेऊन येतो.

पाणी किती नितळ आहे हे मोजण्याचे शास्त्र आहे आणि त्याचा उगम, विश्वास बसणे कठीण असले तरी, पोपच्या जहाजावर झाला. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात त्या जहाजावरून दोराला बांधलेल्या तबकड्या पाण्यात सोडल्या आणि तबकडी दिसेनाशी होते ती खोली नोंदवली. आजही सरोवरांची पारदर्शकता सेक्कीच्या तबकडीनेच मोजतात. परसातल्या तळ्यात या कामासाठी चहाची पांढरी बशी चालते, मात्र ती कोणत्या संचातली घ्यावी याबाबत घरात आधी परवानगी घ्यावी. बशी तळाशी, म्हणजे अडीच फुटांवर, स्वच्छ दिसली की मालकाला कृतकृत्य वाटते. आणि त्याच्या साऱ्या चुकांची सुरुवातही तेथूनच होते, कारण नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. नळाचे ताजे पाणी काचेसारखे असते, पण त्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. हे पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून किंवा दुकानात 'अँटिक्लोरीन' या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट घालूनच वापरावे लागते. उलट ज्या पाण्यात हात घातला तर बोटे दिसत नाहीत अशा हिरव्यागार पाण्यात मासे बाळसे धरतात. डोळ्यांना जे दिसते त्यावरून पाण्याची पारख करणे हे स्थळ पाहायला जाऊन फक्त दिवाणखाना पाहून येण्यासारखे आहे.

पाण्यातले खरे राजकारण दिसत नाही. मासे आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात, उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो, आणि हा वायू पाण्यात विरघळलेला असताना त्याला रंग नसतो, पण त्याचे विष मात्र असते व पाणी जितके गरम आणि क्षारधर्मी तितके ते अधिक जहाल होते. निसर्गाने यावर केलेली व्यवस्था अशी की, नायट्रोसोमोनास वर्गातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते. मग नायट्रोस्पिरा आणि तत्सम दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे माशांना बरेचसे सोसते आणि वनस्पतींना खत म्हणून लागते. या जिवाणूंना वेगळे करून त्यांचे काम ओळखण्याचे श्रेय विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जाते, साल १८९०. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे तरंगत नाहीत, तर भिंतींवर, गोट्यांवर आणि गाळणीतल्या स्पंजावर बुळबुळीत थर करून पागडीच्या भाडेकरूंसारखे ठाण मांडतात. त्यांची वस्ती भरायला चार ते सहा आठवडे लागतात, ते भाडे देत नाहीत, दिसायला घाणेरडे असतात आणि त्यांच्यावाचून इमारत चालत नाही.

आणि मग दिवाळी येते. घरातील पंखे पुसून झाले, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने घासून झाली, की सफाईची लाट परसाकडे वळते. तळे पूर्ण उपसले जाते, मासे कपडे धुण्याच्या टबात जातात, भिंती ब्रशने घासल्या जातात, गोटे उन्हात वाळत घातले जातात, गाळणीतला स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो, आणि सहा आठवड्यांची सगळी वस्ती अभ्यंगस्नानाच्या मुहूर्तावर गटारात जाते. पाडव्याला पाणी इतके निर्मळ असते की शेजारी बोलावून दाखवावे. भाऊबीजेला पहिला मासा उताणा तरंगतो. मालकाचे अनुमान असे असते की अजून काहीतरी घाण राहिली असावी, म्हणून तो पुन्हा पाणी बदलतो. वास्तविक एका वेळी चौथा भाग, फार तर तिसरा भाग पाणी बदलावे, तळाचा गाळ रबरी नळीने ओढून काढावा आणि स्पंज तळ्याच्याच पाण्यात, बादलीत दोनदा बुचकळून परत ठेवावा, एवढेच काम असते. पण एवढ्या कमी कामाने दिवाळीची सफाई झाल्यासारखी वाटत नाही, हा त्यातला मोठा दोष आहे.

सफाईखालोखाल माशांना मारक ठरणारी भावना म्हणजे माया. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचाही त्यात विचार आहे. मात्र राजाचा हेतू त्यांना पुढे गळाला लावण्याचा होता, त्यामुळे त्या खाऊ घालण्यात शिस्त होती. परसातल्या तळ्याला असा प्रामाणिक हेतू नसतो. सकाळी आजोबा फिरून आल्यावर मासे त्यांच्याकडे धावत येतात म्हणून ते चिमूटभर दाणे टाकतात. दुपारी शाळेतून आलेला नातू आजोबांनी टाकले असतील हे गृहीत न धरता टाकतो. संध्याकाळी आलेले पाहुणे कुरमुरे टाकतात आणि एखादी आत्या, देवळाच्या कुंडाच्या आठवणीने, कणकेच्या गोळ्या करून टाकते व पुण्य पदरी पाडून घेते. मासे प्रत्येकाकडे तितक्याच उपाशी चेहऱ्याने धावतात. यात ढोंग नाही. गोल्डफिशला जठरच नसते, अन्न गळ्यातून थेट आतड्यात जाते, आणि ज्याला जठर नाही त्याने 'पोट भरले' असे म्हणावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, हा जाणकारांचा नियम आहे. मराठी घरात तो पाळायचा तर डब्याला कुलूप लावणे हा एकच उपाय दिसतो.

जास्तीच्या खाद्याचे नायट्रेट होते, त्यावर ऊन पडते आणि पाणी हिरवे होते. हा हिरवा रंग म्हणजे एकपेशीय शेवाळ, प्रत्येक पेशी इतकी सूक्ष्म की कोणत्याही फडक्याने ती गाळली जात नाही, तरी पंच्याने गाळून पाहिल्याशिवाय कोणत्याही मालकाचे समाधान होत नाही. यावर तुरटी फिरवणारा एक पंथ आहे. तुरटीने गढूळपणा बसतो हे खरे, पण पाणी आम्लधर्मी होऊन माशांच्या जिवावर बेतू शकते. गाळणीच्या वाटेवर अतिनील किरणांचा दिवा बसवणारा दुसरा पंथ आहे, त्याला यशही येते आणि विजेचे बिलही. सर्वांत स्वस्त उपाय सावलीचा: कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांनी पाण्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की शेवाळाचे ऊन तुटते आणि खतही त्या वनस्पतीच खातात. काही जण या कामी नदीतली जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणतात. ती अनुकूल हवेत दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते, त्यामुळे एका रोपाचा मालक पाचव्या महिन्यात तळ्याचा मालक राहत नाही.

वर्षभराच्या देखभालीविषयीचे इंग्रजी ग्रंथ थंड देशांत लिहिलेले असल्याने त्यांत बर्फाला भोक कसे ठेवावे यावर सविस्तर प्रकरणे असतात. पुण्याच्या हिवाळ्यासाठी एकच वाक्य पुरते: पाणी गार झाले की माशांची भूक आणि जिवाणूंचे काम दोन्ही मंदावते, तेव्हा खाद्य कमी करावे. खरी परीक्षा उन्हाळ्याची असते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७ मिलिग्रॅमच. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने तेथे आणखी थोडा कमी, आणि पुणेकरांच्या उंचीचा हा एकमेव ज्ञात तोटा आहे. त्यातच रात्री वनस्पती व शेवाळही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून आचके देऊ लागतात. घरातल्यांना ते देवाचे नाव घेत आहेत असे वाटते. दर दोन तासांनी सगळे पाणी एकदा गाळणीतून जाईल आणि वरून धार पडेल असा पंप लागतो, म्हणजे प्रमाण तळ्याला ताशी १७०० लिटरांचा. काटकसरी मालक तेथे जुन्या कूलरचा पंप लावतो, आणि तो चालतोही, फक्त वीज जाईपर्यंत. एक सेंटिमीटर पाणी उडाले तर ४५ लिटरांची तूट येते. ती भरून काढताना पाणीकपातीच्या दिवसांत शेजारच्या गच्चीवरून होणारे निरीक्षण हा स्वतंत्र विषय आहे.

पावसाळ्यात तळे मालकाला विचारेनासे होते. ते ओसंडते, आणि सांडव्याच्या तोंडाशी जाळी नसेल तर गप्पी मासे गटारमार्गे देशाटनाला निघतात. गप्पी हे नाव त्यांच्या बडबडीवरून पडलेले नसून त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी या संग्राहकाच्या आडनावावरून १८६६ मध्ये पडले. डासांच्या अळ्या खातो म्हणून पालिकेचे आरोग्य कर्मचारी हा मासा साचलेल्या पाण्यात सोडतात आणि तळ्यात तो दिसला की समाधानाने वहीत खूण करतात. याच दिवसांत भेक येऊन जेलीच्या लांबच लांब माळांत अंडी घालून जातात, त्यांची रात्रभराची मैफल सगळी आळी ऐकते, आणि मालकाला वाटते की अखेर आपल्या हौदाला निसर्गाने तळे म्हणून मान्यता दिली. शेजाऱ्यांची मान्यता गणेशोत्सवात मिळते. दीड दिवसांच्या विसर्जनाच्या संध्याकाळी फाटकाशी पाट हातात धरून उभ्या असलेल्या कुटुंबाला, 'मूर्ती शाडूची आहे, पर्यावरणपूरक आहे', असे सांगणाऱ्या कुटुंबाला, नाही म्हणण्याचे धैर्य असलेला तळेमालक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. शाडू विरघळतो हे खरेच. म्हणूनच पुढे बरेच दिवस बशी चार बोटांवरही दिसत नाही. मागोमाग पाच दिवसांचे गणपती येतात.

अशा सर्व अवस्थांतून पार पडलेले तळे एखाद्या ऑक्टोबरात, मालकाने कंटाळून त्याच्याकडे पाठ फिरवल्यावर, आपोआप निवळते. शाडू तळाशी बसतो, जिवाणू जागेवर असतात, कुमुदिनी पसरलेली असते, आजोबा गावी गेलेले असतात. शनिवारी संध्याकाळी बशी तळाशी टाकली तर तिच्यावरची नक्षी मोजता येते, आणि मालक रविवारी सकाळी चहाला चार घरांना बोलावतो. परंतु नितळ पाण्यातून केवळ पाहुण्यांनाच दिसते असे नाही. मराठीत ज्याला वंचक किंवा ढोकरी म्हणतात तो बगळा मिटलेल्या पंखांनी बसला असता मातकट, दगडाच्या रंगाचा दिसतो आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो. हिरव्या पाण्याकडे वर्षभर ढुंकूनही न पाहणारा हा पक्षी त्या रविवारी पहाटे साडेपाचपासून काठावरच्या चार दगडांत पाचवा दगड होऊन उभा असतो. साडेआठला पाहुणे येतात तेव्हा सहांपैकी दोन गोल्डफिश कुमुदिनीच्या पानाखाली दडून बसलेले असतात आणि पाण्यात दुसरे काहीही नसल्याने ते विलक्षण सुंदर दिसते. 'पाणी काय नितळ ठेवलंय हो,' असे पाहुणे म्हणतात, आणि मग मासे कुठे आहेत असे लहान मुलाने विचारल्यावर मालक काही न बोलता शेजारच्या गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवतो.