हौशी वायरमन

प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतात, की ज्यांच्या घरात वायरमनने पाऊल टाकलेलं नाही. टाकलंच असेल तर बिल्डरच्या काळात, आणि त्याने काय घोळ घालून ठेवले हे काका अजून सांगतात. ‘‘बटणावर न्यूट्रल आणलाय गाढवाने! फेज नको का तिथे?’’ काकांची हयात बँकेत नाहीतर पोस्टात गेलेली. विजेशी संबंध आला तो बिल भरण्यापुरता. पण निवृत्तीनंतर शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर येऊन बसतो, तो कायमचा.

गीझर, पंखे ही कामं घरच्यांनी गोड बोलून त्यांच्या हातून काढून घेतलेली असतात. उरते दारावरची बेल. बेल बिघडली तरी कुणाचं अडत नाही, लोक कडी वाजवतात. म्हणून ती काकांना दिलेली असते. काका मात्र हा घरच्यांचा विश्वास समजतात.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीतच, मुंबईत असाल तर लोहार चाळीत. दुकानदार एकेक बटण दाबून दाखवतो. एकीत चिमण्या, एकीत आरती, एकीत दरवाजा खोलण्याची विनंती करणारी हिंदी बाई. शेवटी तो रिमोटची बेल पुढे सरकवतो. वायर नको, भोक नको, दोन सेल घाला की झालं. सोवळं नेसलेल्याला कुणी ऑम्लेट खाणार का विचारावं, तसे काका त्याच्याकडे बघतात. ‘‘उद्या शेजाऱ्याने बटण दाबलं की माझी वाजेल. डिंगडाँग काढा. दोन पट्ट्यांची.’’

या डिंगडाँगवर काकांचं खरं प्रेम आहे, आणि मला ते पटतं. आत तारेचं एक वेटोळं, त्यात लोखंडी दांडी. बटण दाबलं की दांडी खेचली जाऊन एका पट्टीवर आपटते : डिंग. बोट काढलं की स्प्रिंग तिला दुसऱ्या पट्टीवर ढकलते : डाँग. म्हणजे दोन आवाजांमधलं अंतर पाहुण्याच्या स्वभावावर ठरतं. कुरिअरवाल्याचं डिंगडाँग चिकटून येतं. वर्गणीवाल्यांचं डिंग होतं आणि डाँगची वाट बघावी लागते. खालच्या मजल्यावरचा नातू बटण सोडतच नाही. वेटोळं तापून जळतं आणि काकांना नवं काम मिळतं. त्या अंतरावरून माणूस ओळखून काका कोचावरूनच सांगतात, ‘‘उघडू नकोस गं, पॉलिसीवाला आहे.’’ बहुतेक वेळा तो असतो.

कामाला रविवार ठरतो, कारण सगळे घरी असतात आणि या कामाला प्रेक्षक लागतात. ‘‘मेन बंद!’’ अशी आरोळी उठते.

‘‘अहो, मशीनमध्ये कपडे फिरतायत.’’

‘‘भिजू देत. दोनशे तीस व्होल्ट आहेत, चेष्टा नाही.’’

मुलाने स्टूल धरायचं, काकूंनी टॉर्च. टॉर्च कुठेही धरला तरी तो चुकीच्याच जागी असतो. ड्रिल मशीन सेक्रेटरींकडून आणलेलं; ते नेमकं बीमवर लागतं आणि नुसता धुरळा उडतो. मग चार बोटं बाजूला दुसरं भोक, पहिल्यावर कॅलेंडर. गिट्टी सैल बसते, म्हणून काडेपेटीची काडी ठोकायची. स्क्रू श्रीखंडाच्या जुन्या डब्यातून येतात. त्यात सगळे असतात, हवा तेवढा नसतो. तो शोधता शोधता काका काकूंना ऐकवतात, की जोसेफ हेन्रीने १८३१ साली अमेरिकेत आल्बनीला मैलभराहून लांब तारेच्या टोकाशी घंटा वाजवून दाखवली होती. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वायरीला संध्याकाळ होते. काकूंचं म्हणणं एवढंच, की हेन्रीचा टॉर्च कुणी धरला होता त्या बिचारीचंही नाव घ्यावं.

बेल वाजते. ती वाजतेच, हे मान्य करायला हवं. शिवाय काकांनी ती इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेली असते. अख्खी बिल्डिंग अंधारात असताना डिंगडाँग होतं ते फक्त त्यांच्याकडे.

अशाच एका काकांना मुलाने अमेरिकेला नेलं, तेही न्यू जर्सीतल्या एडिसन गावी. ज्याची प्रयोगशाळा तिथल्या मेन्लो पार्कात होती, त्याचंच नाव गावाने १९५४ साली घेतलं. काकांना हा योगायोग वाटला नाही. सामान उघडण्याआधी त्यांनी हॉलमधल्या बेलचं झाकण उघडलं. आत तीन स्क्रू : पुढचं दार, मागचं दार, ट्रान्सफॉर्मर. पुढच्या दाराला डिंगडाँग, मागच्याला नुसतं डिंग. इथवर ते खूष होते. मग कळलं की इथे बेलला साधारण सोळाच व्होल्ट देतात. टेस्टर लावला, तर तो पेटेना. सुतळीएवढ्या वायरी हाताने धरून ते खिन्न उभे राहिले. ‘‘याला वीज म्हणतात?’’

मुलाने दाराला कॅमेऱ्याची बेल लावली होती आणि ती सारखी बंद पडत होती. मुलगा सॉफ्टवेअरचा, तो फोनमध्ये दोष शोधत होता. काका भिंग घेऊन तळघरात उतरले आणि ट्रान्सफॉर्मरवरचं वाचून आले. दहा व्होल्टचा, जुना. कॅमेऱ्याला निदान सोळा हवेत. नवा आणला. तो जोडायचा होता घरच्या लाइनवर, एकशेवीस व्होल्टवर. काका माणसात आले. ‘‘मेन बंद!’’ ही आरोळी एडिसनमध्येही घुमली. एकच धक्का बसला, तोही मनाला : तिथे काळी वायर म्हणजे फेज. आपल्याकडे जन्मभर जी न्यूट्रल, ती! काका त्या रात्री नीट जेवले नाहीत.

परतताना मुलाने त्या कॅमेऱ्याचं ॲप काकांच्या फोनमध्ये घालून दिलं. उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे दोन, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा. फोन वाजतो, काका चष्मा लावून बसते होतात आणि तिकडच्या पार्सलवाल्याला इकडून बजावतात, की उन्हात ठेवू नकोस, बाकाखाली सरकव.

काकू कूस बदलतात. ‘‘कोण आलंय हो?’’

‘‘पार्सलवाला. एडिसनला.’’

‘‘मग कडी काढायला उठू नका. झोपा.’’