शून्य युनिटची पाटी

खराडीतल्या आमच्या सोसायटीत मला 'एनर्जीवाले' म्हणतात. जिन्यातले दिवे सेन्सरवर टाकल्यापासून हे बिरुद चिकटलं. माणूस आला की दिवा लागतो, गेला की विझतो. मधेच चपलेचा पट्टा लावायला कोणी थांबलं तर आपण अजून आहोत हे त्याला हात हलवून दिव्याला कळवावं लागतं, एवढंच. पण कॉमन मीटरचं बिल उतरलं, आणि मी चढलो.

मग नजर गेली 'एक्झिट'च्या पाट्यांवर. आत आठ वॅटची नळी, चोकसकट दहा, वर्षाचे ८७६० तास चालू. म्हणजे एका पाटीला जवळजवळ ८८ युनिट! तीन वॅटची एलईडी पाटी घेतली तर २६. शिवाय बॅटरी आतच, वीज गेली तरी जळते. शहाण्या माणसानं इथेच ऑर्डर दिली असती. माझ्या एक्सेलमध्ये मात्र आणखी एक रकाना होता : अंधारात चमकणारी पाटी. वीज शून्य, बॅटरी शून्य, वायरिंग शून्य. त्या शून्यापुढे २६ युनिट म्हणजे मला निव्वळ उधळपट्टी वाटली.

कमिटीपुढे मी थेट जपान गाठलं. १९७२ मध्ये ओसाकात आणि १९७३ मध्ये कुमामोतोत डिपार्टमेंट स्टोअर जळाली, शेकडो माणसं गेली; त्यानंतर दारातून पळणारा हिरवा माणूस पुढे आला, तो युकियो ओटा यांच्या चित्रातून...

"ते झालं हो, पण चिकटवणार कोण?" चेअरमननी विचारलं.

मीच चिकटवल्या. घाऊकात स्वस्त म्हणून सगळे डावीकडे पळणारेच घेतले होते. त्यामुळे बी विंगमधला माणूस जिवाच्या आकांतानं लिफ्टकडे धावत होता, आणि लिफ्टवर लिहिलेलं होतं, 'आग लागल्यास वापरू नये'.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निशमन कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. जुलैच्या फॉर्मआधी मॉक ड्रिल ठेवलं. मेन स्विच पडला आणि जिन्यात मिट्ट काळोख. पाटी कुठे आहे ते फक्त मला माहीत, तेही मी लावली म्हणून. शेवटी सातव्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइलच्या टॉर्चनं ती शोधून काढली. टॉर्च बंद केल्यावर काय झळकली म्हणता!

"काका, हिला आधी उजेड प्यावा लागतो," एजन्सीचा पोरगा म्हणाला. "अमेरिकेत तर इमारतीत माणसं असेपर्यंत हिच्यावर सतत साधारण ५४ लक्स उजेड लागतो. इथले दिवे सेन्सरवर कोणी टाकले?"

एवढ्या अंधारातही सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले मला दिसले.

"मग पाटीसमोर एक दिवा कायम चालू ठेवू," मी म्हणालो. पोरानं मोबाइलवर हिशेब मांडला : बारा वॅटचा दिवा, वर्षाला १०५ युनिट. शून्य युनिटच्या पाटीला!

एलईडीच्या पाट्या आल्या, बाण विंगप्रमाणे तपासून. पुढच्या सभेत मी पाण्याच्या टँकरचा खर्च कमी करण्याची योजना मांडायला उठलो, तर सेक्रेटरींनी आभारप्रदर्शन सुरू केलं.