बोली लागली, मासा गेला!

कॉड, पोलॉक, हॅडॉक अशा पांढऱ्या मांसाच्या माशांवर ज्यांची निर्यात चालते, त्या देशांच्या सरकारांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. शास्त्रज्ञांनी सांगितलेला आकडा ही फक्त बोलीची सुरुवात असते.

कॅनडाचंच बघा. न्यूफाउंडलंडजवळ १९६८ साली आठ लाख टन कॉड निघाला. काढणारे बहुतेक परदेशी ट्रॉलर. कॅनडा खवळला. १९७७मध्ये २०० सागरी मैलांची हद्द आखून त्यानं परक्यांना हाकललं आणि स्वतःचे ट्रॉलर वाढवले. परक्यांनी केली की लूट, आपण केला की विकास!

पुढे छोट्या होड्यांचे मच्छीमार ओरडू लागले, मासा कमी झालाय, बारीक झालाय. पण होडीतल्या माणसाचं ऐकायचं, तर मग मत्स्यखातं कशाला उघडलं? सरकारी अंदाजांचा भरवसा मोठ्या ट्रॉलरांवर, आणि त्यांची जाळी तर भरून येत होती. येणारच! उरलासुरला कॉड दाटीवाटीनं एकत्र जमत होता आणि यंत्रं त्याला नेमकी हुडकत होती. मासा संपत आला, तरी आकडे धडधाकट.

अखेर शास्त्रज्ञांनी हिशेब सुधारला आणि १९८९साठी सव्वा लाख टनांवर थांबा म्हणाले. सरकारनं २ लाख ३५ हजार टन मंजूर केले. मंडईतली घासाघीसच ही, फक्त समोरचा मासा भाव करायला येत नाही.

२ जुलै १९९२ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. समुद्रातले मासे काही मी नेलेले नाहीत, असं त्यांनी संतापलेल्या मच्छीमारांना आदल्याच दिवशी ऐकवलं होतं. खरंच आहे, सरकार फक्त सही करतं. दोष थंड पाण्याला दिला गेला, सील प्राण्यांनाही दिला गेला. सीलांकडून खुलासा आला नाही. दोन वर्षांची म्हणून आलेली बंदी २०२४मध्ये उठली. कोटा मिळाला १८ हजार टन.

बेरिंग समुद्रात अमेरिका आणि रशियाच्या हद्दींमधला एक तुकडा कुणाचाच नव्हता. तिथं घासाघीस करायलाही मंत्री नाही, त्यामुळे पोलॉकचा निकाल आणखी लवकर लागला. मासा संपल्यावर, १९९४मध्ये, त्याच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. करार शाबूत आहे. मासेमारी सुरू करण्याइतका मासा अजून परतलेला नाही.

आता बॅरेंट्स समुद्राची पाळी. नॉर्वे आणि रशियानं मिळून ठरवलेला कॉडचा कोटा २०१३मध्ये १० लाख टन होता, २०२५मध्ये तो ३ लाख ४० हजारांवर आला. एवढ्या पडझडीतही शास्त्रज्ञांनी सुचवलेला आकडा याहून कमीच होता.

तेव्हा वाचकहो, एखाद्या देशानं ‘विक्रमी’ मासळी पकडल्याची बातमी वाचलीत, तर टाळ्या वाजवण्याआधी दोनच प्रश्न विचारा. शास्त्रज्ञांनी किती सांगितलं होतं? आणि मंजूर किती झालं?