सिस्टरने डॉक्टर व्हावे काय? मीरा-भाईंदर परिसरासाठी मार्गदर्शिका

नोकरी करत असलेल्या परिचारिकेच्या मनात एमबीबीएसचा विचार येणे ही मीरा-भाईंदरमध्ये सर्रास आढळणारी अवस्था असून तिचा जोर बहुधा नाईट ड्युटीत, पहाटे तीन ते पाचच्या सुमारास वाढतो. त्या वेळी पेशंटचा बीपी उतरत असतो आणि आरएमओ झोपलेला असतो. काय करायचे ते सिस्टरला ठाऊक असते. परंतु त्याला उठवून, तेच त्याच्या तोंडून वदवून, त्याचीच ऑर्डर म्हणून लिहून घ्यावे लागते. गल्लोगल्ली नर्सिंग होम असलेल्या या शहरात अशा पहाटा रोज उगवतात.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात पेशंटसाठी पाच पायऱ्यांची प्रक्रिया शिकवली जाते: आकलन, निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. सिस्टरने ती स्वतःवर वापरू नये असे कोणत्याही पुस्तकात म्हटलेले नाही.

आकलनासाठी बारावीची गुणपत्रिका शोधून काढावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय तीत असतील तर पुढे जाता येते. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांकडे ते असतातच. बारावी आर्ट्‌स करून जीएनएमला गेलेल्यांकडे नसतात. मात्र बारावीनंतर हे विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झाल्यासही चालेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली जाहीर केले आहे. एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे नीटला, कमाल वयाची अट होती, तीही मार्च २०२२ मध्ये गेली. ओडिशात तर २०२० साली चौसष्ट वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने एमबीबीएसला प्रवेश घेतला. ‘आता काय वय आहे का हे?’ हा प्रश्न त्यामुळे कायद्याने निकाली निघाला आहे. नातेवाइकांना तसे कळवण्याची व्यवस्था मात्र झालेली नाही.

अनुभवाचे मोल मोजणे त्याहून सोपे आहे, कारण ते शून्य आहे. नर्सिंगमधून एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश भारतात मिळत नाही. आयसीयूत दहा वर्षे काढलेली सिस्टर आणि कालपर्यंत दप्तर पाठीला लावणारी मुलगी एकाच रांगेत उभ्या राहतात. नीट ७२० गुणांची असते; त्यांतले ३६० जीवशास्त्राचे, १८० रसायनशास्त्राचे आणि १८० भौतिकशास्त्राचे. भौतिकशास्त्रात उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याची चौकशी केली जाते. अंधुक उजेडात, सुकलेल्या आजींच्या हातात पहिल्या झटक्यात शीर सापडणे या कौशल्याचा त्या ठोकळ्याला काही उपयोग नाही. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक जणांनी ही परीक्षा दिली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास.

निदानाची पायरी सर्वांत नाजूक आहे. दोन विकारांची लक्षणे येथे हुबेहूब सारखी दिसतात: डॉक्टरचे काम हवे असणे आणि डॉक्टरची खुर्ची हवी असणे. पहिल्या विकारात ड्युटी संपली, हँडओव्हर झाला, विरार लोकल पकडली, तरी ‘सात नंबरला ताप का येतोय’ हे डोक्यातून जात नाही. दुसऱ्यात एखाद्या विशिष्ट डॉक्टरची मुद्रा डोक्यातून जात नाही. त्याला दाखवून देणे हे कारण टिकाऊ नव्हे; सिस्टर डॉक्टर होईपर्यंत तो बहुधा दुसऱ्या हॉस्पिटलला गेलेला असतो. मान मिळेल ही अपेक्षाही जपून बाळगावी. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या निवासी डॉक्टर मुलींनाही पेशंटचे नातेवाईक ‘ओ सिस्टर, सलाईन संपलं’ असेच हाकारतात.

पहिल्या विकाराचे ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स. युद्धकाळात त्या नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, मग रुग्णालयातच समाजसेविका झाल्या आणि तेहेतिसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाला लागल्या. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेचे काय करायचे, हा एकच प्रश्न त्यांच्यापाशी होता. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. असा प्रश्न पदरी असल्यास नियोजनाकडे वळावे.

एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, शासकीय महाविद्यालय असल्यास बंधपत्रित सेवेचे आणखी एक. त्याआधी तयारीची वर्षे, जी कोणी मोजून सांगू शकत नाही. या काळात पगार थांबतो, फ्लॅटचा हप्ता थांबत नाही; विद्यावेतन इंटर्नशिपमध्येच सुरू होते. अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क वीस लाखांच्याही वर जाते, तेव्हा त्यांची माहितीपत्रके केवळ करमणुकीसाठी वाचावीत. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला रिक्षावाले टेंबाच म्हणतात. शासकीय किंवा पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र शहरात नाही. जवळची म्हणजे जुहूचे कूपर आणि कळव्याचे राजीव गांधी. कळव्याला घोडबंदर रस्त्याने जायचे असल्यास फाउंटन हॉटेल आणि गायमुख येथील खोळंबा अभ्यासाच्या वेळापत्रकात धरावा. अर्थात गुणानुक्रमे गोंदिया किंवा नंदुरबारही मिळू शकते, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो.

याच पायरीवर पर्यायही तपासावेत. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तेथे आयसीयूचा अनुभव वाया जात नाही. बी.एस्सी. झालेल्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर समुदाय आरोग्य अधिकारीही होता येते. चारचौघांत सांगताना या पदव्या लांबलचक वाटतात, एवढाच त्यांचा दोष.

अंमलबजावणीत गुप्तता महत्त्वाची. जागा हातात येईपर्यंत मेट्रनला कळू देऊ नये, अन्यथा पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये नाईट वाढतात. घरी आधी आईला सांगावे. सासूबाईंना सांगताना ‘नीट’ हा शब्द टाळून ‘कोर्स’ म्हणावे. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये पुस्तक उघडण्याचा प्रयत्न करू नये; भाईंदरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाल्यास एनसीईआरटीची दोन पाने होतात.

मूल्यमापन निकालाच्या दिवशी करावे. नीटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही, त्यामुळे ती आपली आपणच आखावी आणि आधीच, कागदावर, तारखेसह लिहून ठेवावी. प्रवेश मिळाल्यावर एमबीबीएसचे पहिले वर्ष चार प्रयत्नांत आणि सारा अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. प्रवेश मिळो वा न मिळो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करत राहावे.